एकूण किती, हे आधी कळायला हवं

माझी मुलगी २००६ मध्ये बडोद्यात जन्मली तेव्हा तिच्या हृदयातली एक झडप तयारच झालेली नव्हती. उजव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी ती झडप. ती नाही म्हणून उजवा खालचा कप्पाही खुरटलेला. याला ट्रायकस्पिड अट्रेशिया म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत मुंबईला शंट झाला, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त नेणारी छोटी नळी बसवली, पुढे शरीराच्या वरच्या भागातून परतणारं रक्त फुप्फुसांकडे वळवणारं ग्लेन आणि २०१२ मध्ये, ती सहा वर्षांची असताना, फॉन्टन. त्या तिन्ही ऑपरेशनांवर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. आज लिहितेय ते त्यानंतर दहा वर्षांनी आमच्याकडे आलेल्या एका कामाबद्दल, ज्याविषयी मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं: जन्मजात हृदयदोषाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अशा रुग्णांच्या कायम चालू राहणाऱ्या नोंदवहीत, तिची नोंद करणं.

ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हृदयात दोन पंप असतात, एक शरीराला रक्त पुरवतो आणि दुसरा फुप्फुसांना. आमच्या लेकीकडे पंप एकच. फॉन्टनमध्ये तो एकुलता पंप शरीरासाठी राखून ठेवतात आणि शरीराकडून परत येणारं अशुद्ध रक्त हृदयात न नेता नळीवाटे थेट फुप्फुसांत सोडतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोटारीशिवाय नळाला येतं, तसं ते रक्त नुसत्या दाबाच्या फरकावर वाहतं. बोर्दोचे सर्जन फ्रान्सिस फॉन्टन यांनी हे ऑपरेशन १९६८ मध्ये पहिल्यांदा केलं आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं, तेही ट्रायकस्पिड अट्रेशियाच्याच रुग्णांवर. म्हणजे या ऑपरेशनाला अजून साठ वर्षंसुद्धा झालेली नाहीत. लहानपणी फॉन्टन झालेला माणूस साठीत कसा असतो, हे सांगायला जगात माणसंच मोजकी आहेत.

आपल्याकडे ऑपरेशन झालं की "बरी झाली" म्हणतात. नातेवाईक म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणतात, आपणही मनातून तेच म्हणत असतो, कारण निळे ओठ गुलाबी झालेले असतात आणि पोर जिना चढायला लागलेली असते. पण पंपाशिवाय वाहणाऱ्या रक्तासाठी शिरांमधला दाब कायम चढा राहावा लागतो, आणि तो दाब वर्षानुवर्षं यकृत सोसत असतं. कुणाच्या आतड्यातून प्रथिनं गळायला लागतात, कुणाच्या हृदयाचे ठोके बिघडतात, कुणाच्या नळीत गुठळी होते. कुणाला काय आणि कधी होईल, हे एका रुग्णाकडे बघून कळत नाही. पुष्कळ रुग्ण पुष्कळ वर्षं पाहावे लागतात.

तपासणीला आम्ही अहमदाबादला जातो. २०२२ मधल्या एका खेपेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काही रुग्णालयांनी मिळून रजिस्ट्री सुरू केली आहे. हिची नोंद करायची का?" मी विचारलं, त्याने हिला काय मिळेल? ते म्हणाले, "तिला लगेच काहीही नाही. पैसे नाहीत, औषध नाही, नंबर लवकर लागणार नाही. नोंद केली नाहीत तरी उपचारात फरक पडणार नाही." इतकं सरळ उत्तर ऐकून मला बरं वाटलं. मग त्यांनीच उलट विचारलं, "तुमच्या बडोद्यात फॉन्टन झालेली किती मुलं असतील, ताई?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. "माझ्याकडे येतात तेवढीच मला माहीत," ते म्हणाले. "जी यायची थांबली, ती ठणठणीत आहेत म्हणून थांबली, पैसे नाहीत म्हणून थांबली की गेली, हे मी सांगू शकत नाही. शंभरातली किती जगली हे काढायचं तर आधी ते शंभर कोण, हे कळायला हवं ना!"

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी शाळेत गणित शिकवते. भागाकारात खालचा आकडाच माहीत नसेल तर वरच्या आकड्याला काही अर्थ नाही, हे मी दरवर्षी सातवीच्या मुलांना सांगते. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात आणि त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा तसाच काही इलाज लागतो, असा अंदाज आहे. हा अंदाजच आहे, मोजणी नाही. त्यातली किती मुलं ऑपरेशनापर्यंत पोचतात, किती पुढच्या टप्प्याला परत येतात आणि किती विशीत दिसतात, हे मोजायला प्रत्येक मुलाची नोंद कुठेतरी चालू राहायला हवी.

असं मोजलं की काय हाती लागतं, हेही मी वाचून काढलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून फॉन्टनची एक रजिस्ट्री केली आहे. दोन्ही देशांत फॉन्टन झालेले सगळे त्यात घेतात, एकाच रुग्णालयाचे नाही. २०१४ मध्ये त्यांनी ऑपरेशनातून वाचून घरी गेलेल्या १००६ जणांचा हिशेब मांडला. नव्या पद्धतीच्या फॉन्टननंतर १० वर्षांनी सुमारे ९७ टक्के हयात होते. अगदी जुन्या पद्धतीत, म्हणजे कप्पाच फुप्फुसाच्या धमनीला जोडत त्या काळातल्यांपैकी, २५ वर्षांनी ७६ टक्के. मी तो आकडा रात्री स्वयंपाकघरात बसून वाचला आणि तिच्या बाबांना उठवून दाखवला. आम्हाला २०१२ मध्ये मुंबईत कुणी आकडा दिला नव्हता. देणार तरी कुठून? आपल्याकडे केरळने २०१७ मध्ये 'हृद्यम्' नावाची योजना आणली. तिथे हृदयदोष असलेल्या बाळाची नोंद ऑनलाइन होते आणि किती घाई आहे त्यानुसार ऑपरेशन ठरतं. त्या नोंदीमुळे निदान कोणतं बाळ वाट बघतंय हे कळतं. माझी लेक जन्मली तेव्हा असं काही असतं तर आम्ही फोनच्या डायऱ्या चाळत बसलो नसतो.

नोंद करायचं ठरलं आणि कागदांचं काम सुरू झालं. रजिस्ट्रीची को-ऑर्डिनेटर एक तरुण मुलगी होती, नडियादकडची, फार चिकाटीची. आमची फाइल तिने पानापानाने बघितली. माझी फाइल चांगली जाड आहे आणि मला तिचा अभिमान होता. डिस्चार्ज कार्डं, इकोचे रिपोर्ट, रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आयएनआर तपासणीच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेवार. ती म्हणाली, "आंटी, ऑपरेशन नोट छे?" मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. "आ नहि चाले. आ तो समरी छे."

फरक तिने समजावला तेव्हा कळला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: टी.ए. (म्हणजे ट्रायकस्पिड अट्रेशिया) वन-बी, एक्स्ट्राकार्डियाक (हृदयाबाहेरून नळी घालून) फॉन्टन केलं, तब्येत समाधानकारक. रजिस्ट्रीला हवं होतं ते असं: नळी कुठल्या पदार्थाची, किती मिलिमीटरची; नळी आणि हृदयाचा कप्पा यांच्यात छोटं भोक, म्हणजे फेनेस्ट्रेशन, ठेवलं की नाही; ठेवलं असेल तर केवढं; हार्ट-लंग मशीनवर किती वेळ होती. नळी मुलाबरोबर वाढत नाही. सहा वर्षांच्या मुलीत घातलेली नळी तिला विशीत पुरते का, हा प्रश्न शेकडो जणांच्या नळ्यांची मापं एकत्र असल्याशिवाय सुटणार नाही. आणि आमच्या लेकीच्या छातीत किती मिलिमीटरची नळी आहे, हे आम्हालाच माहीत नव्हतं.

मुंबईच्या त्या रुग्णालयाला मी पत्र लिहिलं. नियमानुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. पण २००२ च्या त्याच नियमावलीत आंतररुग्णांचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपावेत, एवढंच म्हटलंय. २०१२ चे कागद आम्ही २०२२ मध्ये मागत होतो. बऱ्याच फोनांनंतर रेकॉर्ड विभागातल्या माणसाने सांगितलं की जुने गठ्ठे काढून टाकले, तुमचं ऑपरेशन झाल्याचं रजिस्टरात दिसतं, नोट नाही. त्या माणसाचा आवाज ऐकून वाटलं, त्यालाही हे सांगायला आवडत नसावं. मला मात्र अजून राग आहे. मोडलेल्या हाताचे कागद तीन वर्षांनी गेले तर चालेल. आयुष्यभर छातीत राहणाऱ्या नळीची माहिती तीन वर्षांत निकालात कशी काढता येते? फॉन्टनसारख्या ऑपरेशनाची नोट रुग्णाला घरी जाताना हातात मिळायला हवी, न मागता.

शंटच्या कागदांची वेगळीच तऱ्हा. ते सगळे माझ्या नावावर होते. नवजात बाळाचं बारसं झालेलं नसतं, म्हणून कागदांवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. मुंबईला माझं माहेरचं आडनाव पडलं होतं, कारण दाखल करताना माझा भाऊ बरोबर होता. पुढे ग्लेनच्या वेळी तिचं नाव आलं, पण आडनाव शेवटी. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. को-ऑर्डिनेटरने हे तिन्ही कागद समोरासमोर ठेवले आणि म्हणाली, कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या मुली आहेत. एकच मूल दोन रुग्णालयांतून दोनदा मोजलं जाऊ नये आणि दोन टप्प्यांमध्ये हरवूही नये, म्हणून जन्मतारीख, आईचं नाव, जन्माचं गाव आणि आभा या सरकारी आरोग्य-खात्याचा चौदा आकडी नंबर असं सगळं ताडून मग एक क्रमांक देतात. माझ्याजवळचा जन्मदाखला त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरला.

नळीचं माप शेवटी मिळालं ते तिच्या बाबांच्या कपाटात. त्यांच्या ऑफिसच्या मेडिक्लेमसाठी तेव्हा बिलं भरली होती आणि त्यांना प्रत्येक गोष्टीची झेरॉक्स ठेवायची सवय आहे. बिलाच्या एका पानाला, मधोमध, एका छोट्या स्टिकरची झेरॉक्स होती. शरीरात बसवलेल्या वस्तूच्या डब्यावरचं स्टिकर बिलाला चिकटवतात, विमावाल्यांना पुरावा म्हणून. काळपट पडली होती, कडेची अक्षरं गेली होती, पण भिंगातून वाचता आलं: गोर-टेक्स, १८ मि.मी., खाली लॉट नंबर. लेक स्वतः भिंग धरून बसली होती. तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून बघितलं, मग पट्टी आणून मोजलं, आणि बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिली. फेनेस्ट्रेशन होतं, हे २०१३ च्या एका इको रिपोर्टवर सापडलं, ४ मि.मी. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी त्या पानाचा फोटो को-ऑर्डिनेटरला पाठवला, तर तिचा आनंदाने फोन आला.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं मूल असेल तर एक विनंती. विम्याच्या जुन्या फायली, मदतनिधीला केलेले अर्ज, ट्रस्टला दिलेली कागदपत्रं एकदा उलगडून बघा. रुग्णालयाने टाकून दिलेलं तिथे असू शकतं. कॅथच्या, म्हणजे शिरेतून नळी घालून केलेल्या हृदयाच्या तपासणीच्या, सीडी आजच दुसरीकडे उतरवून घ्या. आमची २००८ ची सीडी आता उघडत नाही.

संमतिपत्रावर घरात बरंच बोलणं झालं. आम्ही दांडिया बाजारात एकत्र कुटुंबात राहतो. सासूबाईंचं म्हणणं होतं, मुलीची जात, तिचं नाव असल्या वहीत कशाला? उद्या लग्नाचं बघायला गेलं आणि कुठून बाहेर पडलं तर? त्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी या मुलीसाठी स्वतःच्या पाटल्या मोडल्या आहेत आणि तिची छाती झाकली जाईल असे ब्लाउज त्या हाताने शिवतात. मी त्यांना फॉर्म वाचून दाखवला. अभ्यासासाठी माहिती जाते ती क्रमांकाखाली, नावाशिवाय. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी रुग्णालयात वेगळी, कुलुपात. कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही. त्याआधी ज्या अभ्यासात माहिती वापरून झाली ती मात्र परत घेता येत नाही. शेवटी एथिक्स कमिटीचा फोन नंबर. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लग्नाचं बघायला येतील त्यांना आपण आधीच सांगणार आहोत ना? मग लपवायचं काय उरलं?"

तेव्हा लेक १६ वर्षांची. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ च्या आत संमती आईवडिलांची, पण १२ च्या पुढच्या मुलाची लेखी सहमतीही लागते. म्हणजे मी सही करून भागत नव्हतं. तिच्या फॉर्ममध्ये चार चौकोन होते. रुग्णालयातली माहिती घ्यावी का, दरवर्षी प्रश्नावली पाठवावी का, पुढच्या अभ्यासासाठी संपर्क करावा का आणि जनुकांच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना साठवावा का. तिने पहिल्या तिन्हींवर हो म्हटलं आणि चौथ्यावर नाही. मला चौथंही हवं होतं. हे कशामुळे होतं, पुढच्या पिढीत येतं का, हा प्रश्न मला सोळा वर्षं टोचत होता. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, माझं रक्त तिथे फ्रीजमध्ये असणार आणि वीस वर्षांनी कुणी त्याच्यावर काय बघेल ते मला आत्ता माहीत नाही. विचार करून सांगेन." को-ऑर्डिनेटरने लगेच 'नाही'वर खूण केली आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचं ते वागणं मला आवडलं.

प्रश्नावलीत बरंच नेहमीचं होतं. वजन, उंची, औषधं, सॅच्युरेशन. एक प्रश्न दमण्याबद्दल. किती मजले न थांबता चढता? लेकीने कोऱ्या जागेत लिहिलं: नवरात्रात गरब्याचे दोन ताल पूर्ण करते, तिसऱ्याला बाहेर येते, चौथ्याला परत जाते. बडोद्याची मुलगी दमणं असंच मोजणार. डॉक्टरांनी ते वाचून सांगितलं, फॉन्टनच्या रुग्णाला पायाचा व्यायाम फार उपयोगी, कारण पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. तेव्हापासून ती संध्याकाळी सूरसागरला फेऱ्या मारते आणि बाबांना ओढून नेते.

दुसरा प्रश्न होता: यकृताची तपासणी शेवटची कधी झाली? आम्हाला ती करायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये फॉन्टनविषयी सविस्तर निवेदन काढलं, त्यात यकृतावर नियमित लक्ष ठेवण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. इथे बडोद्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत ते पोचलेलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे असा दुसरा रुग्णच नाही, तर पोचणार कसं? त्या एका रिकाम्या रकान्यामुळे सोनोग्राफी आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन झाला. यकृत थोडं कडक आहे, फॉन्टनला दहा वर्षं झालेल्यांमध्ये दिसतं तसं. आता दरवर्षी बघतात.

शेवटच्या पानावर दोन माणसांची नावं आणि फोन मागितले होते, वेगळ्या पत्त्यावर राहणाऱ्या. मी सहज माझ्या बहिणीचं नाव सांगितलं, पुण्याची. लेक थांबली. को-ऑर्डिनेटरला म्हणाली, "हे कशाला?" ती म्हणाली, "घर बदललं, नंबर बदलला, तर तुला शोधायला." लेक म्हणाली, "आणि मी गेले तर कळवायला." को-ऑर्डिनेटरने मान हलवली, हो म्हणाली. माझ्या हातात पाण्याची बाटली होती ती मी उगाच उघडून बंद केली. लेकीने विचार केला आणि म्हणाली, "मग मावशी नको. मावशी त्या वेळी आईजवळ असेल, तिला फोन घ्यायला सुचणार नाही." तिने तिच्या मैत्रिणीच्या मोठ्या भावाचं नाव लिहिलं, जो सगळ्यांची कामं करतो, आणि दुसरं नाव आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचं. मग दोघांना फोन करून परवानगी घेतली. काय सांगून घेतली, ते मी ऐकलं नाही.

मला तो रकाना आधी निर्दय वाटला होता. आता वाटतं, सगळ्या फॉर्ममध्ये तोच सर्वांत गरजेचा आहे. त्याच्यावाचून जी मुलं जातात ती नोंदीत कायम 'संपर्क नाही' एवढीच राहतात. जी तपासणीला येतात तेवढ्यांवरून मग सगळं छान चाललंय असं दिसतं. गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी तो एक फोन केला, तर पुढच्या मुलाच्या डॉक्टरला खरा आकडा मिळतो. हे त्या आईबापांकडून मागणं किती अवघड आहे, मला माहीत आहे. तरी मागायला हवं.

२०२४ मध्ये ती १८ ची झाली आणि नोंद नव्याने करावी लागली. माझी संमती संपली, तिची सुरू झाली. या वेळी मला बाहेर बसायला सांगितलं. प्रौढांच्या प्रश्नावलीत पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधक गोळ्या हेही येतं. फॉन्टनमध्ये गुठळीचा धोका असल्याने इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळतात आणि गरोदरपण अतिशय जोखमीचं असतं. ही बोलणी तिची आणि डॉक्टरांची. मी बाहेर बाकावर बसून होते. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, चौथ्या चौकोनावर या वेळी हो केलंय. का, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिने त्या दिवशी को-ऑर्डिनेटरकडून आणखी एक काम अंगावर घेतलं. बडोद्यात असे कुणी माहीत असतील तर त्यांना सांगायचं. आमच्या ओळखीत बडोद्याच्या वाडी भागातलं एक मराठी कुटुंब आहे, खंडेराव मार्केटात त्यांचा फुलांचा गाळा. त्यांच्या मुलाचं ऑपरेशन २००९ मध्ये दुसऱ्या एका शहरात झालेलं. तो लेकीहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "त्याचं तर झालंय हो, तेव्हाच. आता काय करायचंय?" तो गाळ्यावरून नुकताच आला होता. लेकीने त्याच्या नखांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. नखं निळसर, टोकं फुगीर. करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर त्यांच्याकडे होतं. त्याने बोट घातलं, ८२. फॉन्टन झालेल्याचं सहसा इतकं खाली नसतं. मी त्याच्या आईला म्हटलं, वहिनी, डिस्चार्ज कार्ड दाखवा.

कार्ड देवघराच्या खणात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अगदी नीट. त्यावर लिहिलं होतं, बायडायरेक्शनल ग्लेन. खाली इंग्रजीत, चार वर्षांनी फॉन्टनसाठी यावे. त्यांना ऑपरेशन यशस्वी झाल्याचं सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. पुढे एक टप्पा बाकी आहे, हे त्या ओळीशिवाय कुणी त्यांच्याशी बोललं की नाही, कोण जाणे. त्याचे वडील ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते.

त्याला आम्ही अहमदाबादला बरोबर नेलं. इको झाला, कॅथची तारीख मिळाली आहे. इतक्या उशिरा फॉन्टन करता येईल की नाही, ते फुप्फुसांतला दाब मोजल्यावर ठरेल. रजिस्ट्रीचं संमतिपत्र त्याने तिथेच भरलं. संपर्काच्या दोन नावांत एक माझ्या लेकीचं आहे. ऑपरेशन नोटसाठी त्या जुन्या रुग्णालयाला अर्ज मी लिहून दिलाय, त्याच्या सहीने, पोच मागून. गाळ्याच्या जुन्या पावत्यांबरोबर कुठल्याशा ट्रस्टला दिलेल्या अर्जाच्या झेरॉक्सही आहेत म्हणतात. रविवारी मार्केट लवकर बंद होतं, तेव्हा बसून त्या बघायच्या आहेत.